झिजेचा रकाना

रविवारी दुपारी कॉलेज निम्मं झोपलेलं असतं. आठवडाभर पोरांनी दणाणून सोडलेले जिने गप्प, फळ्यांवर शुक्रवारची अर्धवट पुसलेली गणितं, आणि तळमजल्यावरच्या वर्कशॉपमधून येणारा एकच बारीक, लांबलेला सूर. कोणीतरी मशीन चालवत होतं. त्या सुरावर आक्काचा बसल्या बसल्या डोळा लागला होता. हात मांडीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तिला जुनी लेथची शेड दिसत होती, पत्र्याच्या भोकातून उतरलेला उन्हाचा कवडसा दिसत होता, आणि त्या उन्हात लेथवर वाकलेले तिचे बाबा, म्हणजे थोरले मिस्त्री. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली होती, पण आक्काच्या डुलकीत ते एक दिवस सुट्टी घेत नसत.

"आत्या, ऊठ. घोटाळा झालाय." भाच्याने तिच्या खांद्याला हात लावला. या भाच्याचं चौकात चष्म्याचं दुकान होतं, म्हणून घरातसुद्धा त्याला चष्मेवाला म्हणत.

"झोपले कुठे होते मी? नुसते डोळे मिटले होते. कसला घोटाळा?"

"तात्यांचा तुकडा नापास झाला."

आक्का खाडकन जागी झाली. तात्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ, चष्मेवाल्याचा बाप, छप्पन्न वर्षांचा टर्नर, लेथवर लोखंड कातणारा. आज त्याच्या वर्गाचा शेवटचा रविवार. कॉलेजच्या निरंतर शिक्षण विभागाची ही पद्धत होती, शेवटच्या दिवशी घरच्यांना बोलवायचं. म्हाताऱ्या-कोताऱ्या विद्यार्थ्यांनी सहा महिने काय दिवे लावले ते घरच्यांनी डोळ्यांनी बघायचं. शेजारच्या वर्गात रुग्णालयातल्या आया संगणकावर पत्रं छापून नवऱ्यांना दाखवत होत्या आणि नवरे ती उलटी धरून वाचत होते. इकडे लेथवाल्यांच्या वर्गात टेबलावर लोखंडाचे तुकडे मांडले होते, प्रत्येकापुढे एक नंबर. अकरा नंबरची जागा मोकळी होती.

आणि हा नुसता कौतुकाचा मामला नव्हता. तात्यांच्या कारखान्यातून जुने लेथ महिनाअखेर निघणार होते. नवी संगणकावर चालणारी मशीनं येणार होती. ज्याच्या हाती कॉलेजचं प्रमाणपत्र, तो त्या मशीनवर. ज्याच्या हाती नाही, तो गोदामात, खिळ्यांच्या आणि नटांच्या पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. तात्यांच्या नोकरीची चार वर्षं उरली होती. चिठ्ठ्या चिकटवत ती काढायची, या विचाराने ते रात्री उठून बसायचे. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं आणि घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

*

तुकडा नापास केला होता तो घरच्याच माणसाने.

चष्मेवाल्याची बायको या वर्गाची मॅडम होती. सासरा वर्गात येणार म्हटल्यावर ती विभागप्रमुखांकडे गेली होती, म्हणाली, परीक्षा दुसऱ्या कोणाला तरी घेऊ द्या. त्यांनी हसून सांगितलं, "मायक्रोमीटरला सासर-माहेर नसतं हो, तुम्हीच मोजा." तेव्हापासून सहा महिने घरात ती 'सूनबाई' आणि कॉलेजात 'मॅडम, तुम्ही'. तीही वर्गात त्यांना 'अकरा नंबर' म्हणायची आणि घरी आल्यावर दुप्पट लाजून चहा पुढे करायची. दोघांना त्या खेळाची गंमत वाटत होती. आज गंमत संपली होती.

तिने तो तुकडा तीनदा मोजला. तीस मिलिमीटर हवे तिथे दोन शतांश कमी. चोवीसच्या जागी दोन शतांश कमी. अठराच्या जागीसुद्धा दोनच. केसाच्या जाडीचा चौथा हिस्सा म्हणा, पण सूट होती एक शतांशाची. शिकाऊ माणूस चुकतो तो कसाही चुकतो, इथे चार जास्त, तिथे सात कमी. एवढी नीटनेटकी चूक तिने कधी पाहिली नव्हती. मग तिने मशीनचा पडदा उघडून बघितला. हत्याराच्या धारेची झीज भरायचा एक रकाना असतो. धार कोरी असेल तर तिथे शून्य राहतं. धार कोरीच होती, आणि रकान्यात दोन होते.

"अकरा नंबर, हा आकडा कोणी टाकला?"

तात्यांनी पडद्याकडे पाहिलं. काचेपलीकडे हत्यार थंड ठेवणारं पांढरं दुधासारखं पाणी अजून मशीनच्या कडांवरून ओघळत होतं. आपण हे केल्याचं त्यांना आठवत नव्हतं. सगळं पाण्याखाली चालल्यासारखं झालं होतं, सूर लागला होता, बोटं आपली आपण फिरत होती, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना नव्या मशीनची भीती वाटली नव्हती. मात्र आकडा दिसल्याबरोबर त्यांना सगळं कळलं.

"मीच टाकला असणार, मॅडम."

"पण का?"

तिने पत्रक पुढे सरकवलं. नियम असा होता की चूक का झाली हे विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं, तर त्याच दिवशी पाचच्या आत दुसरा तुकडा करायला मिळतो. पत्रकाची एक प्रत कारखान्यात जाते. तीन रकाने: काय चुकलं, का चुकलं, आणि कारण प्रथम कोणाच्या लक्षात आलं. तात्यांनी पहिला भरला आणि पेन खाली ठेवलं.

"बाकीचं नाही लिहिता येणार," ते म्हणाले आणि वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसले.

*

चार जण त्यांच्याभोवती बसले. अठरा वर्षांच्या पोरांसाठी केलेले बाक, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे वर आलेले. खिडकीतून ऊन तिरपं आत आलं होतं आणि त्यात खडूची धूळ तरंगत होती.

"हे बघ," चष्मेवाला बायकोला हळूच म्हणाला, "मोजलंस तू. बघितलंस तू. दोन शतांश म्हणजे काय गं, फुंकर मारली तर उडून जाईल. लिही तीस आणि मोकळी हो."

"आणि सात नंबरच्या बसड्रायव्हरला मी दोन शतांशांवरच परत पाठवलं होतं, त्याला काय सांगू? माझे सासरे आहेत म्हणून तीस?"

"त्याला कशाला काही सांगायचं?"

"तुझ्या दुकानात कोणी आलं, आणि तू ओळखीचा म्हणून त्याला चुकीच्या नंबरचा चष्मा दिलास, तर चालेल?"

"ओळखीच्याला तर मुळीच देणार नाही. घरी येऊन भांडेल."

"मग झालं तर."

माई, म्हणजे तात्यांची बायको, सून असं बोलल्याबरोबर मुलाच्या बाजूला सरकली. अगदी खरोखर सरकली, बाक करकरला. "तो म्हणतो त्यात काय वावगं आहे? एवढा कायदा घरच्या माणसाला लावायचा का?"

आता खरं सांगायचं तर माई मनातून खूश झाली होती. तिची तिलाच लाज वाटत होती, पण झाली होती. संध्याकाळी सुजलेले पाय बादलीत सोडून बसलेला नवरा ती रोज बघत होती. गोदामात निदान खुर्ची मिळेल, हा हिशेब तिने सहा महिन्यांपूर्वीच मनाशी मांडला होता. आता मात्र तिने त्याचा चेहरा पाहिला. एवढा उतरलेला चेहरा तिने सासरे गेले तेव्हाही पाहिला नव्हता. खुर्चीचा विचार तिने मुकाट्याने गिळला.

"अहो, पण लिहायला काय झालं? का चुकलं ते लिहायचं. नाकासमोरचं काम आहे."

"लिहायचं नाही," आक्का एकदम म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. या घरात आक्का सहसा आधी बोलत नाही. आयुष्यभर तिने ब्लाउज शिवले, आणि तिच्याकडे कपडा टाकला की दुसऱ्यांदा माप द्यायला यावं लागत नाही अशी तिची ख्याती. माणसांनाही ती एकदाच मापते, असं माई म्हणायची.

"वन्सं, तुम्हाला माहीत आहे वाटतं कारण?"

"मला काय माहीत असणार? मी आपली शिवणकाम करणारी बाई. लिहायचं नाही एवढंच म्हणते."

तात्या तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी मान खाली घातली आणि बाकावर कोणी तरी कोरलेल्या बदामावरून बोट फिरवत बोलायला लागले.

"आपला लेथ. बाबांनी कारखान्याला विकला आणि त्याच्याबरोबर मलाही तिथे लावून दिलं, तो लेथ. त्याचा स्क्रू झिजलेला आहे. पहिल्यापासून. आकडा लावाल त्यापेक्षा तुकडा दोन शतांश जाड येतो. रोज. थंडी असो, ऊन असो, दोनच. मला जायच्या दिवशी बाबांनी बाजूला घेऊन सांगितलं, दोन जास्त घे आणि तोंड बंद ठेव. मी दोन जास्त घेत आलो."

"म्हणजे?" चष्मेवाला म्हणाला. "ते सगळे म्हणतात ना, त्या मशीनला तात्यांच्याच हाताची ओढ आहे, दुसऱ्या कोणी चालवलं की काम बिघडतं..."

"दुसऱ्याचं जाड येतं. माझं बरोबर येतं. मी दोन घेतो म्हणून."

"म्हणजे तुमच्या हाताची जादू..."

"दोन शतांश," तात्या म्हणाले.

शेजारच्या वर्गात छपाईचं यंत्र कुरकुरत होतं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. चष्मेवाल्याला हसावं की काय करावं कळेना. शाळेत असताना त्याने या हातांवर निबंध लिहिला होता, आणि बक्षीसही मिळवलं होतं.

"चाळीस वर्षं!" माई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि रागही आला होता, दोन्ही एकदम. "इतकी वर्षं माझ्या शेजारी झोपलात आणि एवढंसं बोलला नाहीत! मी काय कारखान्यात जाऊन दवंडी पिटणार होते?"

"तुझ्याशी बोललो असतो तर मग मीच कोण उरलो असतो?" तात्यांचा आवाज फुटला. "तू शेजारणींना सांगायचीस, आमच्या ह्यांचा हात म्हणजे हात आहे. मला आवडायचं ते ऐकायला. खूप आवडायचं. आता हे लिहून दिलं की ती प्रत बुधवारी साहेबांच्या टेबलावर. सगळ्या कारखान्याला कळणार की मिस्त्रीच्या पोराकडे हात-बित काही नव्हता, एक आकडा होता."

"तात्या," सून म्हणाली. कॉलेजच्या भिंतींच्या आत तिने पहिल्यांदाच त्यांना तात्या म्हटलं होतं. "झिजलेल्या मशीनवर चाळीस वर्षं एकही काम परत आलं नाही, हे मी उद्या वर्गात सांगितलं तर पोरांना खोटं वाटेल. मला तर वाटतं साहेबांना कळू दे."

माईने डोळे पुसले. बाक पुन्हा करकरला; ती सुनेच्या बाजूला सरकली होती. "लिहा हो," ती म्हणाली. "शेजारणींचं मी बघून घेते."

चष्मेवालाही बायकोकडे बघून हळूच म्हणाला, "लिहा तात्या." एकटी आक्का खिडकीबाहेर बघत राहिली.

*

बाहेर मैदान मोकळं होतं. दोन कोपऱ्यांत दोन खांब, मध्ये पिवळं पडलेलं गवत. आक्काला त्यातलं काही दिसत नव्हतं.

तेव्हा, लेथ अजून बाबांच्या शेडमध्ये असताना, तिची शाळा संपली होती आणि पुढे काय, हे कोणी विचारलं नव्हतं. ती दुपारी शेडवर डबा न्यायची. बाबा जेवत तेवढा वेळ ती मायक्रोमीटर हातात घेऊन बसायची. कोणी सांगितलं नव्हतं, थंडगार लोखंड हातात धरायला बरं वाटायचं म्हणून. झालेले तुकडे मोजायची आणि दाराच्या आतल्या बाजूला खडूने आकडे मांडायची. महिनाभराने दार भरलं. बाबा प्रत्येक तुकडा घासकागदाने घासून घासून मापात आणायचे, खांदे दुखायचे त्यांचे. तिने दाराकडे बोट दाखवून म्हटलं, "बाबा, हा लेथ खोटं बोलतो, पण रोज तेवढंच बोलतो. तुम्ही दोन जास्त घ्या ना, घासायला कशाला हवं?"

बाबा घास हातात धरून दाराकडे बघत बसले. धाकटा उंबऱ्यात उभा होता, तेरा-चौदा वर्षांचा, नाक पुसत. मग बाबा म्हणाले, "वा!" एवढंच. त्या दिवसापासून घासकागद संपला. आणि तो धडा, ती युक्ती, ते गुपित पुढे गेलं ते बापाकडून लेकाकडे. पाहुण्यांत बाबा म्हणायचे, लेथची नाडी मला सापडली. आक्का चहाचे कप उचलून आत न्यायची. तिला वाईट वाटायचं का? हो, वाटायचं. सांगायला जागा नव्हती, म्हणून ती नीट शिवत राहिली.

आणि आता ते कागदावर चढणार. बाबांच्या नावाने, कॉलेजच्या शिक्क्यासकट, कायमचं. त्यापेक्षा ते कोणालाच माहीत नसलेलं बरं. निदान मिटल्या डोळ्यांआड ते तिचं होतं. धाकट्याने गोदामात बसू नये असं तिला मनापासून वाटत होतं, अगदी मनापासून, आणि तरी तिच्या तोंडून 'लिही' हा शब्द निघत नव्हता. आपण इतक्या कोत्या मनाच्या असू असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"आक्का," तात्या मागून म्हणाले. "तू सांग. तू नको म्हणालीस तर नाही लिहिणार."

"मला का विचारतोस रे?"

"तुलाच विचारायला हवं."

त्याच्या आवाजात असं काही होतं की ती वळली. तो तिच्याकडे बघत होता. हे डोळे तिने उंबऱ्यात पाहिले होते. तिला एकदम कळलं की तो विसरलेला नाही. इतकी वर्षं एका गावात राहून, भाऊबहीण म्हणून शेकडो वेळा एका ताटलीतलं खाऊन, दोघं मूग गिळून बसले होते.

"पाचला वर्कशॉप बंद होतं," सून हळूच म्हणाली. "सव्वाचार झालेत."

आक्काने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "मग आता तोंड काय बघतोस माझं, धाकट्या? लिही. आणि अक्षर नीट काढ, तुझं अक्षर म्हणजे मुंग्या पळाल्यासारखं."

*

त्या दिवशी पाचला दहा कमी असताना अकरा नंबरचा दुसरा तुकडा टेबलावर आला, तीस म्हणजे तीस, चोवीस म्हणजे चोवीस. झिजेच्या रकान्यात शून्य टाकल्यावर तात्यांनी ते दोनदा तपासलं, ते काचेबाहेरून सगळ्यांनी पाहिलं. पुढची चार वर्षं ते नव्या मशीनवर उभे राहिले, आणि माई रोज संध्याकाळी बादलीत पाणी ओतत बडबडत राहिली. पण या घरात त्या रविवारची गोष्ट निघाली की कोणी त्या तुकड्याबद्दल बोलत नाही. बोलतात ते त्याआधीच्या पाच मिनिटांबद्दल.

तात्यांनी पत्रक बाकावर पसरलं. का चुकलं, तो रकाना त्यांनी सावकाश भरला, चार ओळी, कुठेही खाडाखोड नाही. मग तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"तिथे सगळे माझंच नाव लिहितात," सून म्हणाली. "परीक्षकाच्या लक्षात आलं म्हणून. तुम्हीही तेच लिहा."

"तुम्हाला आज कळलं, मॅडम," तात्या म्हणाले. "प्रथम कोणाच्या लक्षात आलं, असं विचारलंय."

"मग आजोबांचं लिहा," चष्मेवाला म्हणाला.

तात्यांनी मान हलवली आणि लिहायला लागले. अक्षर मोठं, सुटं, पहिलीतल्या पोरासारखं. माई खांद्यावरून वाकून मोठ्याने वाचत होती, "लेथचा हा दोष... माझी थोरली बहीण हिने... स्वतः मोजून... शोधून काढला. वडिलांनी नाही. मी समोर होतो." वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला. तिने आक्काकडे पाहिलं आणि मग वाचायचं सोडूनच दिलं.

उन्हात धूळ तरंगत होती. आक्काला वाटलं, आपली पुन्हा डुलकी लागली असावी.

तात्यांनी मान वर केली. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "आक्का, तेव्हाचं वय लिहितो. सोळा ना गं?"

आक्का उठली, बाकाला धरून त्याच्यापर्यंत आली, आणि कागदावर बोट ठेवून म्हणाली, "साडेसोळा. बरोबर लिही."